म्हशीचा मधला पाइप

पिंप्राळा, जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

धनसिंग,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाला असशील तर थांब. आधी वाच, मग खुशाल फाड. फोन तू उचलत नाहीस. कामिनी उचलते आणि "ते बाहेर गेलेत" म्हणते, आणि मागे तुझा खोकला मला चांगला ऐकू येतो. तिला खोटं बोलायला लावू नकोस, बिचारीला जमत नाही. म्हणून हा कागद.

भांडायला लिहीत नाही. एक सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर दे आणि मोकळा हो. आपल्या म्हशीच्या, तुम्हा भावांच्या त्या लाडक्या गाडीच्या, दोन धुराच्या पाइपांमध्ये तू जो जोड बसवला होतास, तो कसला होता?

वहिनीला म्हातारपणी गाडीचं काय वेड लागलं, असं म्हणशील. तर ऐक. तुझ्या भावांना, आमच्या ह्यांना, दिवाळीत लकवा मारला हे तुला कळलंय. कळलं नसेल असं मी मानतच नाही, धुळ्यापासून जळगावपर्यंत आपले नातेवाईक दुसरं करतात काय? उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून आणलं तेव्हापासून पुढच्या पडवीतल्या खाटेवर पडून असतात. भाकरी दुधात कालवून भरवली तर गिळतात. मी बोलते, ते भिंतीकडे बघतात. समजतं की नाही, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी त्यांच्यासमोर करत जा. मी शेवभाजी केली, घरभर ठसका उठला. भजनवाले बोलावले. तुझ्या मोठ्या आत्याला बोलावलं, तिने तर दोन दिवस तोंड मिटलं नाही. आमचे साहेब ढिम्म.

मग गेल्या आठवड्यात शेडचे पत्रे बदलायचे होते म्हणून म्हैस बाहेर काढावी लागली. सायलेन्सरवाले रमजानभाई आणि त्यांचा जावई अरशद आले होते. अरशदने बॅटरी जोडली, चावी फिरवली. तू गेल्यापासून ती गाडी कोणी चालूच केली नव्हती. अशी काही भडकली की शेजारच्यांची मांजर कौलांवर गेली. आणि धना, खाटेवरचं माणूस हललं. डावा हात उचलला आणि खाटेच्या पाटीवर दोनदा थापटला. मग मान वळवून गाडीकडे बघत राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही केलं. 

पण मग रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी वाहतंय आणि हनुवटी थरथरतेय. अरशदने घाबरून गाडी बंद केली तरी थांबेनात.

रमजानभाई खाली वाकून बघून आले. म्हणाले, मधला जोड गंजून गळून पडलाय, दोन्ही पाइपांना नुसती भोकं राहिलीत, म्हणून आवाज फाटतोय. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माणसाने आपली गाडी ओळखली, आणि तिचा तो फाटका आवाज ऐकून जीव तुटला त्यांचा. आवाज पहिल्यासारखा केला तर हे माणूस कदाचित उठून बसेल. दुसरं कशानेच हललं नाही ते, धना. हे एकच आहे माझ्या हातात.

आता गोंधळ असा की तो जोड कसला होता हे कोणालाच माहीत नाही. रमजानभाईंनी मला समजावलं: हे आठ सिलिंडरचं परदेशी धूड, चार सिलिंडर या कुशीला, चार त्या कुशीला. दोन्हीकडून दोन पाइप निघतात, आणि त्यांना मध्ये कुठेतरी एकमेकांशी जोडावं लागतं. एक पद्धत म्हणजे आडवी नळी टाकायची, शिडीची पायरी असते तशी. त्याला एच म्हणतात. दुसरी म्हणजे दोन्ही पाइप मध्ये आणून फुलीसारखे एकमेकांत घुसवायचे. तो एक्स. रमजानभाई म्हणतात, ओझं ओढायच्या गाडीला आडवाच हवा, इंजिन हळू फिरतानाही जोर मिळतो. अरशद म्हणतो, आजकाल सगळे फुलीच लावतात, इंजिन मोकळा श्वास घेतं. सासरे-जावई माझ्या अंगणात तासभर भांडले. मी मध्ये चहा घेऊन उभी.

तू बनवला होतास. तू सांग.

कानबाईच्या सणाच्या रोटांचं मी इथे काढणार नाही. दोन श्रावण झाले त्याला. रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेताना तुझ्या भावांनी तुझ्या नावाची घेतली आणि कामिनीच्या पहिल्या घरच्या पोराच्या, हितेंद्रच्या, नावाची घेतली नाही. तू उठलास, बायको-पोराला घेऊन धुळ्याला गेलास. मी चुलीपाशी होते. मला विचारून कोणी मुठी भरल्या नव्हत्या. ते तुमचं तुम्ही बघा. मला फक्त पाइपाचं सांग.

तुझी वहिनी,
प्रमिला


पिंप्राळा
२६ फेब्रुवारी

धना,

उत्तर नाही. ठीक आहे. तोंड नाही तर निदान बोटं तरी चालतील असं वाटलं होतं, तीही भावासारखीच गेली म्हणायची.

तू नाही सांगितलंस म्हणून मी रमजानभाईंचं ऐकलं. वयाचा मान. आडवी नळी ठरली. मग नवाच घोळ. ती नळी कुठे टाकायची? इंजिनजवळ, मध्ये, की मागे? रमजानभाई म्हणाले, भाभी, त्याची एक युक्ती आहे. पाइपाला लांबच्या लांब रंग मारायचा आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवायचं. जिथे रंग सगळ्यात आधी जळून जाईल, तिथे धुराचा धक्का सगळ्यात जास्त. तिथेच जोड टाकायचा. म्हणाले, मी उद्या रंगाचा डबा घेऊन येतो.

उद्यापर्यंत कोण थांबतं? तुला माझा स्वभाव माहीत आहे. उंबऱ्याला आणि तुळशीला लावायला गेरू भिजवलेला होता. मी पदर खोचला, पोतं अंथरलं आणि या वयात त्या गाडीखाली पाठीवर सरकले. दोन्ही पाइपांना टोकापासून टोकापर्यंत गेरूचा हात दिला, दारापुढे देतात तसा नीट, एकसारखा. निम्मा माझ्या तोंडावर सांडला. सकाळी अरशद आला, इंजिन चालू केलं, किती तरी वेळ चालवलं. धूर झाला, शेजारी भांडायला आले, पाइप लालबुंद तापले. मी वाकून वाकून बघतेय. गेरू कुठेच जळेना. टोकापासून टोकापर्यंत तसाच. मी म्हटलं, झालं, या गाडीला सगळीकडेच धक्का आहे, नाहीतर कुठेच नाही.

रमजानभाई आले आणि बघून खाली बसले. हसू आवरेना त्यांना. म्हणाले, भाभी, ही माती आहे, माती कधी जळते का? ऑइलपेंट पाहिजे. हसा म्हटलं, सगळे हसा.

मग गेरू घासून काढला, हिरवा ऑइलपेंट मारला, आणि एका जागी रंग करपून पापुद्रे निघाले. तिथे आडवी नळी बसली. आवाज जाड झाला, पोटातून आल्यासारखा. मला वाटलं, हाच. तुझ्या भावांना उशीला टेकवून बसवलं, केस विंचरले. अरशदने चावी फिरवली.

दोन थापा. मान वळवली. थांबले. आणि पुन्हा तेच रडणं.

म्हणजे हा नव्हता. ना?

एवढं मात्र आहे की ज्या दिवशी गाडी चालू होते, त्या दिवशी ते माझ्याकडे बघतात. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. काहीतरी मागतायत. मला ते कळत नाही आणि मला स्वतःचाच राग येतो. बत्तीस वर्षं या माणसाच्या नुसत्या खाकरण्यावरून मी ओळखायचे की मीठ कमी पडलं. आता समोर रडतायत आणि त्यांना काय हवंय ते मला कळत नाही.

प्रमिला


पिंप्राळा
१७ मार्च

धनसिंग,

फुली लावून पाहिली. अरशदला एवढा आनंद, जसं काही त्याचं दुसरं लग्न ठरलं. दोन्ही पाइप मध्ये आणून कापले, एकमेकांत बसवले, वेल्डिंग केलं. रमजानभाई तोंड फिरवून बसले होते. आवाज बारीक झाला, चढा, सुरात ओरडल्यासारखा. गल्लीतली पोरं गोळा झाली, फोनवर रेकॉर्डिंग करायला लागली.

दोन थापा. थांबणं. रडणं.

फुली लावून तिसऱ्यांदा गाडी चालू केली तेव्हा रडण्याआधी त्यांनी खाटेवरून खाली उतरायचा प्रयत्न केला. डावा पाय टेकवला आणि कोसळले. कपाळाला खोक पडली, टाके घालावे लागले. डॉक्टर माझ्यावर ओरडले. म्हणाले, बाई, हे गाडीचं बंद करा, त्यांना त्रास होतोय, तुम्हाला दिसत नाही का?

दिसतंय. मला सगळं दिसतंय, कळत काही नाही. गाडी बंद ठेवली तर माणूस भिंतीकडे बघत सुकून जातं. चालू केली तर जिवंत होतं आणि रडतं. यातलं औषध कोणतं आणि दुखणं कोणतं? रमजानभाई म्हणतात, आडवा जोडच बरोबर होता, जागा चुकली. अरशद म्हणतो, फुलीच ठेवा, त्यांना सवय होईल. रमजानभाईंची बेगम हुस्नबानो येऊन म्हणाली, त्यांना पाइप नको, दुवा हवी, आणि ताईत बांधून गेली. तुझी आत्या म्हणते, कानबाई कोपली. जो येतो तो एक सांगून जातो. रात्रंदिवस माझ्या डोक्यात पाइप. भाकरी थापताना पाइप. मध्यंतरी भाजीवालीकडे दोन काकड्या घेतल्या आणि मध्ये गवारीची शेंग आडवी धरून बघत होते, ती बाई माझ्याकडे बघायला लागली.

लोकं विचारतात, धाकट्याला कळवलं का? मी म्हणते, कळवलं. मग विचारतात, आला का? मग मी विषय बदलते.

एकच विचारलंय तुला, रे. सोपं आहे. आडवा का फुली?

प्रमिला


पिंप्राळा
६ एप्रिल

धना,

कामिनीचा फोन आला होता. चोरून केला असावा, कारण घाईत बोलली. "आडवा पाइप, वहिनी. गिअरबॉक्सच्या मागे वीतभर. आणि ती मधली नळी मोठ्या पाइपांपेक्षा बारीक आहे, म्हणाले." बस. फोन बंद. म्हणजे कागद तू वाचतोयस. तुझ्या भावाचं नाव तोंडून काढलं नाहीस तरी नळीचं माप दिलंस. तेवढंही चालेल म्हटलं मी. खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून रडले आणि मग तुला चार शिव्या घातल्या.

रमजानभाईंनी फुली कापून काढली. अरशदने दोन दिवस तोंड पाडलं. वीतभर मागे, बारीक नळी, जशी तू म्हणालास तशी. वेल्डिंग थंड झालं, अरशदने चावी फिरवली. मी कधी तुमच्या त्या शेडकडे फिरकले नाही. काळे हात, शिव्या आणि तंबाखू, मला काय काम तिथे? पण स्वयंपाकघरात बसून वर्षानुवर्षं जो आवाज ऐकला तो हाच. डब्यांची झाकणं थरथरायची, अगदी तशीच थरथरली. अक्षय्य तृतीयेला, गावच्या आखाजीला, भगताच्या बारा गाड्या ओढून झाल्या की दुसऱ्या दिवशी तुम्ही भाऊ ओढीच्या शर्यतीत भरलेल्या ट्रॉल्या म्हशीने ओढायचात, तो आवाज. रमजानभाईंनीसुद्धा मान हलवली. चूक काढायला जागाच नव्हती.

मी पळत पडवीत गेले. म्हटलं, ऐकलं का? आता तरी ऐकलं का?

दोन थापा.

मला वाटलं मीच त्या गाडीखाली जाऊन पडावं.

आता नीट लिहिते, कारण दुसरं काही माझ्याकडे उरलं नाही. ते काय करतात ते जसंच्या तसं लिहिते, तुला काही उमजलं तर उमजलं. गाडी चालू झाली की डाव्या हाताने दोनदा थापटतात. जोरात, तळहाताने. मग हात तसाच वर धरून थांबतात. मान वाकडी करतात, कान लावल्यासारखी. गाडीच्या तोंडाकडे नाही बघत, खाली बघतात, चाकांच्या मधून. थोडा वेळ जातो. पुन्हा दोन थापा. पुन्हा कान. मग चेहरा असा होतो की मला बघवत नाही, आणि मग रडणं. गाडी बंद केली तरी नजर तिथेच, चाकांखाली.

मला वाटायचं, ते पाइप बघतायत. बरोबर आहे की नाही ते बघतायत. आता पाइप बरोबर आहे. मग काय बघतात?

मी थकले, धना. यंदा आखाजीला अरशद म्हैस गावी नेतो म्हणतोय. ओढीत उतरवायची आणि मग तिकडेच कोणाच्या तरी गोठ्यात ठेवून द्यायची, असं मी ठरवलंय. घरात तो आवाजच नको. डॉक्टर म्हणतात तेच खरं. ते भिंतीकडे बघत राहतील, मी त्यांच्याकडे बघत राहीन.

हा शेवटचा कागद. पाइपाचं माप दिलंस त्याबद्दल, काय म्हणू, बरं झालं.

प्रमिला


पिंप्राळा
२ मे

धना,

शेवटचा म्हटलं होतं मागच्याला. तुझ्यामुळे शब्द मोडावा लागतोय.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सांजोऱ्या तळत होते. बाहेर रमजानभाई आणि अरशद गाडी गावी न्यायची तयारी करत होते. तुझ्या भावांना खुर्चीवर अंगणात बसवलं होतं, निंबाच्या सावलीत. म्हटलं, एवढी वर्षं सांभाळली, निरोप तरी देऊ दे. रडले तर रडले. तू मागच्या गल्लीच्या फाटकाने कधी आलास, रमजानभाईंना खुणेने गप्प कधी केलंस आणि सरळ गाडीखाली कधी गेलास, यातलं मला काहीही माहीत नाही. ते नंतर अरशदने सांगितलं.

मला एवढंच माहीत आहे: चावी फिरली, आवाज झाला, आणि खुर्चीच्या हातावर दोन थापा पडल्या. मी तळणीपाशी डोळे मिटले. आता रडणार म्हणून. आणि गाडीखालून कोणीतरी बोललं, इथेच आहे म्हणून.

"शे भाऊ, मी आठेच शे."

झारा तसाच टाकून मी दारात आले. तुझ्या भावांचा चेहरा तू पाहिला नाहीस. तू खाली होतास. मी पाहिला. हात खाली आला. खांदे खाली आले. लकवा मारल्यापासून इतक्या महिन्यांत ते असे सैल कधी पडलेच नव्हते. मागे टेकले, डोळे पुसले स्वतःच्या हाताने, आणि अरशदला तळवा दाखवला. थांब. गाडी हलवू नकोस. अरशदने चावी बंद केली. अंगणात इतकी शांतता की कढईतलं तेल ऐकू येत होतं.

मी वळसा घालून मागे धावले तोवर तू फाटकापाशी हात धूत होतास. मी तुला विचारलं, हे काय होतं. आणि तू सांगितलंस, अगदी साधं, जसं काही सगळ्या जगाला ठाऊक असतं. गाडी हलवायच्या आधी भाऊ पत्र्यावर दोनदा थाप मारायचे. तू खाली असलास तर "आठे शे" म्हणायचास. बाहेर आलास की समोर येऊन "निंघनू", निघालो, म्हणायचास. ते ऐकल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नाही. एकदाही नाही.

अरे, आम्ही तीन वेळा पाइप कापले. मी गेरू लावला. रमजानभाईंनी सगळी कला पणाला लावली. आणि ते माणूस फक्त विचारत होतं की खाली कोणी आहे का. दर वेळी त्यांना वाटत असणार की तू खाली आहेस आणि उत्तर देत नाहीस. आणि आम्ही वरून इंजिन रेस करत होतो, आवाज बरा येतोय का ते बघायला.

मी तुला म्हटलं, चल, समोर चल. चहा घे. तू मान खाली घातलीस आणि म्हणालास ते मी विसरले नाही: "त्यासनी मना पोर्‍याले मोजं नही, वहिनी. मी त्यासना मोर्‍हे येवाव नही." भावांसमोर येणार नाही म्हणून गेलास. मी अडवलं नाही. तुझं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं आहे. त्यांच्या हातून झालेलं आहे आणि आता त्यांना ते बोलूनही निस्तरता येत नाही. वाचाच नाही तर माफी कुठल्या तोंडाने मागतील?

पण पुढे काय झालं ते तुला माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरशद गाडी न्यायला आला. चावी लावली. तुझ्या भावांनी थापा मारल्या, थांबले. उत्तर नाही. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत. हाताने अरशदला बोलावलं, त्याच्याकडून चावी घेतली आणि मुठीत आवळली. मग माझ्याकडे बघून खुर्ची पुढे ओढायची खूण केली. पुढे, अजून पुढे. पुढच्या चाकाला गुडघे लागतील इतकी. तिथे बसले. आखाजी झाली, ओढ झाली, गावाकडचे फोन येऊन गेले. अरशद बिचारा हिरमुसून घरी गेला. हे तिथेच. जेवण तिथे, दुपारी डोळा लागतो तोही तिथे. संध्याकाळी मी आणि रमजानभाई उचलून आत आणतो, सकाळी पुन्हा तिकडे हात करतात. अधूनमधून पत्र्यावर दोन थापा मारतात, हळूच, धीर दिल्यासारख्या.

मी त्यांना सांगितलं, धना धुळ्याला गेला. ते माझ्याकडे असे बघतात जसं मला काही कळतच नाही. मी पोतं अंथरून खाली झोपले, इकडून तिकडे सरकले, म्हटलं, बघा, कोणी नाही, नुसते पाइप आहेत. त्यांनी मान फिरवली. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तुझा आवाज ते ओळखतात. एवढ्या वर्षांत तू त्यांना त्या गाडीखालून कधी खोटं उत्तर दिलेलं नाहीस.

ऊन किती आहे ते तुला सांगायला नको. निंबाची सावली अकरापर्यंत पुरते, नंतर मी छत्री धरते. उठत नाहीत. चाक हललं तर तू चिरडला जाशील म्हणून बसलेत.

तू त्यांना क्षमा कर असं मी लिहीत नाही. तू त्यांच्याशी बोल असंही लिहीत नाही, तुझं तू ठरव. पण खाली आहेस हे तू त्यांना सांगितलंस. बाहेर आलास हेही तुलाच सांगावं लागेल. माझं ते ऐकत नाहीत.

प्रमिला